सदनिकेत गुंतवणूक करताना चौरस फुटांचा हिशेब कसा करावा

२०१५ मध्ये मी पुण्यात वाकडला गुंतवणुकीसाठी दोन शयनगृहांची, म्हणजे टू बीएचके, सदनिका घेतली, तेव्हा माझ्यापुढे दोन पर्याय होते. एका प्रकल्पाचा दर ५,६०० रुपये चौरस फूट होता आणि शेजारच्या प्रकल्पाचा ५,९००. मी पहिला पर्याय निवडला, कारण तो स्वस्त वाटला. करारनामा हातात आल्यावर मात्र त्यात चटई क्षेत्र, म्हणजे कार्पेट एरिया, ५९.४६ चौरस मीटर लिहिलेले दिसले, ज्याचे ६४० चौरस फूट होतात. मला विकलेले क्षेत्र १,०४० चौरस फूट होते आणि त्यावर मी ५८,२४,००० रुपये मोजणार होतो, म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या जागेचा दर ९,१०० रुपये पडला. शेजारच्या प्रकल्पातली सदनिका ९७५ चौरस फुटांची म्हणून ५७,५२,५०० रुपयांना मिळत होती आणि तिचे कार्पेट क्षेत्र ६७० होते, म्हणजे दर सुमारे ८,५८६ रुपये. दोन्हीकडची गच्ची जवळपास सारखीच होती. स्वस्त समजून घेतलेली सदनिका जास्त किमतीची, लहान आणि महाग दराची निघाली, आणि तोपर्यंत टोकन देऊन झाले होते.

त्यानंतरच्या दहा वर्षांत मी स्वतःसाठी आणि नातेवाइकांसाठी अनेक व्यवहार जवळून पाहिले. पहिल्यांदाच गुंतवणूक करणाऱ्यांची फसगत बहुतेक वेळा याच एका आकड्यापाशी होते, म्हणून तो आकडा कसा वाचावा आणि त्यावरून निर्णय कसा घ्यावा, हे क्रमाने लिहीत आहे. लेख महाराष्ट्रातील निवासी सदनिकांपुरता आहे. शेतजमीन आणि प्लॉट यांचे नियम फार वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाहीत.

आधी जवळ ठेवायच्या गोष्टी

• करारनाम्याचा मसुदा, विशेषतः क्षेत्रफळाचे परिशिष्ट आणि सदनिकेचा नकाशा.
• महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरील प्रकल्पाचे पान, जिथे प्रत्येक प्रकारच्या सदनिकेचे कार्पेट क्षेत्र आणि मंजूर नकाशे पाहता येतात.
• पुनर्विक्रीची सदनिका असल्यास आधीचे नोंदणीकृत करारनामे, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला), मिळकत कराचे शेवटचे बिल आणि सोसायटीचे देखभाल बिल.
• मोजपट्टी किंवा लेझरचे मोजणी यंत्र, आणि हिशेबाची वही.

एक गुणक पाठ करून ठेवा: १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. सरकारी कागदांत मीटर असतात आणि विक्रेत्याच्या तोंडी फूट असतात, त्यामुळे या रूपांतराशिवाय पुढचे एकही पाऊल टाकता येत नाही.

१. तीन क्षेत्रफळांतील फरक समजून घ्या

स्थावर संपदा कायदा, ज्याला आपण रेरा म्हणतो, २०१६ चा आहे आणि तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यातील व्याख्येनुसार कार्पेट क्षेत्र म्हणजे सदनिकेतील निव्वळ वापरण्याजोगे क्षेत्र. बाहेरच्या भिंती, पाइप आणि वायरिंगचे डक्ट, फक्त त्या सदनिकेसाठी असलेली बाल्कनी किंवा व्हरांडा आणि तशीच उघडी गच्ची हे त्यात धरत नाहीत. खोल्यांमधल्या आतल्या भिंतींनी व्यापलेली जागा मात्र त्यात धरली जाते. ही शेवटची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते, आणि म्हणून खोल्यांची लांबी-रुंदी गुणून केलेली बेरीज कराराच्या आकड्यापेक्षा थोडी कमी भरली की ते घाबरतात. आतल्या भिंतींमुळे येणारा तेवढा फरक कायद्याला धरूनच असतो.

बांधीव क्षेत्र, म्हणजे बिल्टअप, यात बाहेरच्या भिंती आणि बहुधा बाल्कनीही येते. तिसरा प्रकार सेलेबल किंवा सुपर बिल्टअप. जिना, लिफ्ट, लॉबी, क्लब हाउस यांचा वाटा म्हणून कार्पेटवर काही टक्के चढवतात, त्याला बाजारात ‘लोडिंग’ म्हणतात. या लोडिंगला कायद्यात कोणतीही व्याख्या नाही. ते ३० टक्के असू शकते आणि ५० टक्केही. माझ्या सदनिकेत कार्पेटमध्ये गच्ची मिळवूनही ते ४५ टक्के होते. विक्री कार्पेटवरच करण्याचे बंधन असल्याने आता करारनाम्यात सेलेबल आकडा येत नाही, परंतु विक्री कार्यालयातल्या बोलण्यात आणि विशेषतः पुनर्विक्रीच्या जाहिरातींत तो अजून जिवंत आहे.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच विचारावा: ‘करारात रेरा कार्पेट किती चौरस मीटर लिहिले जाणार आहे, आणि बाल्कनी त्यात धरली आहे की वेगळी?’ उत्तर कागदावर मिळेपर्यंत दराची चर्चा सुरूच करू नये. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा ८ पर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी बंधनकारक नाही, त्यामुळे लहान इमारतीत हे तपासण्यासाठी महापालिकेने मंजूर केलेला नकाशाच मागावा लागतो.

२. सगळ्या खर्चाला कार्पेटने भागा

तुलना करताना सांगितलेला दर बाजूला ठेवा. सदनिका ताब्यात येईपर्यंत खिशातून जाणारी एकूण रक्कम काढा: मूळ किंमत, पार्किंग, क्लब हाउस, मजल्यासाठी घेतलेली जादा रक्कम, जीएसटी, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकिलाची फी. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सर्वसाधारणपणे ७ टक्के आणि मुंबईत ६ टक्के पडते, तर नोंदणी फी १ टक्का असून तिची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आहे. या बेरजेला रेरा कार्पेटने भागले की येतो तो खरा दर. बाल्कनी आणि गच्ची यांचे क्षेत्र शेजारी वेगळ्या रकान्यात लिहा. मी स्वतः बाल्कनीला कार्पेटच्या निम्मे मोल देतो. हा माझा ठोकताळा आहे, नियम नव्हे. पण सगळ्या पर्यायांना एकच मापदंड लावला की तुलना बिघडत नाही.

क्षेत्रफळाचा परिणाम जीएसटीवर थेट होतो, हे नवख्या गुंतवणूकदाराने नीट समजून घ्यावे. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या निवासी सदनिकेवर सर्वसाधारण दर ५ टक्के आहे. परवडणाऱ्या घरासाठी तो १ टक्का आहे. परवडणारे घर ठरण्यासाठी कार्पेट क्षेत्र मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ६४५ चौरस फूट, असावे लागते. पुण्या-नाशिकसारख्या शहरांत ही मर्यादा ९० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ९६८ चौरस फूट आहे. दोन्हीकडे किंमत ४५ लाखांच्या आत हवी. सापळा असा की या ४५ लाखांत पार्किंग, जादा मजल्याची रक्कम, विकास शुल्क असे सगळे धरले जाते. ४४ लाखांच्या सदनिकेवर ४४,००० रुपये कर लागतो, तर ४६ लाखांच्या सदनिकेवर २,३०,००० रुपये. सीमारेषेजवळच्या सदनिकेत चार फूट जास्त मिळतात म्हणून हुरळून जाण्याआधी हा हिशेब करावा. पूर्णत्वाचे किंवा भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या सदनिकेवर जीएसटी लागत नाही.

३. कोणता चौरस फूट भाडे मिळवतो, ते पाहा

गुंतवणुकीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे, आणि बहुतेक जण तो वगळतात. सदनिका विकत घेताना आपण प्रत्येक चौरस फुटाचे पैसे मोजतो, परंतु भाडेकरू चौरस फुटांचे भाडे देत नाही. तो खोल्यांचे, न्हाणीघरांचे, पार्किंगचे आणि कामाच्या ठिकाणापासूनच्या अंतराचे भाडे देतो. ६४० फुटांची आणि ७८० फुटांची टू बीएचके एकाच इमारतीत असतील, तर भाड्यातला फरक क्षेत्रफळातल्या फरकाच्या मानाने पुष्कळ कमी असतो.

हिशेबापुरते आकडे घेऊ. पहिली सदनिका ६४० फूट, किंमत ७० लाख, भाडे महिना २४,०००. दुसरी ७८० फूट, किंमत ८६ लाख, भाडे २६,५००. पहिलीचे वार्षिक भाडे २,८८,०००, म्हणजे ४.११ टक्के, दुसरीचे ३,१८,०००, म्हणजे ३.७० टक्के. एवढ्यावर थांबणे चुकीचे आहे. दोन्हींची देखभाल वर्षाला ३६,००० धरू, मिळकत कर अनुक्रमे १४,००० आणि १७,५०० धरू आणि वर्षातला एक महिना सदनिका रिकामी राहील असे मानू. पहिलीचे निव्वळ उत्पन्न २,१४,००० आणि दुसरीचे २,३८,००० उरते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरल्यास पहिलीत ७५.२० लाख आणि दुसरीत ९२.३२ लाख गुंतलेले असतात. परतावा २.८५ टक्के आणि २.५८ टक्के. सतरा लाखांहून अधिक जादा रक्कम गुंतवून दुसऱ्या सदनिकेतून वर्षाला फक्त २४,००० रुपये जास्त मिळतात.

याचा अर्थ लहान सदनिका नेहमीच चांगली असा घेऊ नये. हिंजवडी किंवा खराडीसारख्या भागात नोकरी करणारे तीन-चार तरुण मिळून घर घेतात, आणि तिथे दुसऱ्या न्हाणीघराला खोलीच्या आकारापेक्षा अधिक किंमत असते. शाळेजवळच्या जुन्या वस्तीत कुटुंबे येतात, चार-पाच वर्षे टिकतात, आणि त्यांना प्रशस्त स्वयंपाकघर व कोरडी बाल्कनी हवी असते. तिथे मोठी सदनिका रिकामी राहण्याचा काळ कमी असल्याने वरचा हिशेब बदलू शकतो. म्हणून त्या भागातल्या तीन एजंटांना खरेदीदार म्हणून भेटण्याआधी भाडेकरू म्हणून भाडे विचारा. मिळणारे आकडे पुष्कळ अधिक प्रामाणिक असतात.

खोल्यांची मांडणीही येथेच तपासावी. ६४० फुटांपैकी ६० फूट अरुंद बोळात गेले असतील, तर ६१० फुटांची बिनबोळाची सदनिका भाड्याला सरस ठरते. दहा बाय दहाच्या शयनगृहात सहा फुटी पलंग आणि दोन फूट खोल कपाट ठेवून चालायला जागा उरते का, कोपऱ्यातला खांब आत आल्याने कपाटाची भिंत तुटते का, हे नकाशावर पेन्सिलीने काढून पाहावे. जाहिरातीच्या पत्रकातील मापे पुष्कळदा प्लॅस्टर आणि टाइल लावण्यापूर्वीची असतात, त्यामुळे प्रत्येक खोलीत इंच-दोन इंच कमी पडतील असे गृहीत धरा.

४. दरमहाच्या खर्चात क्षेत्रफळाचा वाटा शोधा

इमारतीत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट ओनर्सची संघटना, हे खरेदीपूर्वी विचारा. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते, मग सदनिका ४०० फुटांची असो वा १,२०० फुटांची. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालील इमारतीत मात्र सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त, म्हणजे सामाईक मालमत्तेतल्या, हिश्श्याच्या प्रमाणात विभागला जातो. त्यामुळे सोसायटीत लहान सदनिकेला देखभालीचा भार तुलनेने जड पडतो, आणि अपार्टमेंटमध्ये मोठी सदनिका महाग पडते. तिसऱ्या पायरीतल्या हिशेबात मी दोन्हींना सारखी देखभाल धरली, ती सोसायटी मानून.

सदनिका भाड्याने दिल्यावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क आकारू शकते, परंतु ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. बिल त्याहून मोठे आले तर मुद्दाम लेखी विचारणा करावी.

मिळकत कराचेही तसेच आहे. मुंबई महापालिका हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या कार्पेटच्या निवासी सदनिकांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. ४९५ आणि ५१० फुटांच्या सदनिकांतील १५ फुटांचा फरक म्हणून दरवर्षी खर्चात उमटतो. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला करात ४० टक्के सवलत मिळते, पण भाड्याने दिलेल्या सदनिकेला ती मिळत नाही. विक्रेता त्याचे कमी रकमेचे बिल दाखवतो, ते आपल्याला लागू होईलच असे धरू नये.

५. कागदांवरील सगळी क्षेत्रफळे एकमेकांशी ताडून पाहा

पुनर्विक्रीच्या सदनिकेत करारनामा, मंजूर नकाशा, सूची क्रमांक दोन आणि कराचे बिल अशा चार ठिकाणी चार आकडे सापडू शकतात. जुन्या करारांत नुसते ‘बिल्टअप ६०० चौ. फूट’ लिहिलेले असते. एका व्यवहारात विक्रेत्याने बंद केलेली बाल्कनी आणि डक्टवर टाकलेला स्लॅब दोन्ही धरून क्षेत्र सांगितले होते. परवानगीशिवाय आत घेतलेल्या जागेला तुम्ही पैसे मोजता, पण बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशावरचेच क्षेत्र धरतो, मग कर्ज कमी मंजूर होते आणि ऐन वेळी फरकाची रक्कम उभी करावी लागते. पुढे पालिकेची नोटीस आली तर तीही तुमच्याच नावावर येते.

मुद्रांक शुल्कासाठी सरकारचे वार्षिक मूल्य दर तक्ते, म्हणजे रेडी रेकनर, चौरस मीटरवर आणि बांधीव क्षेत्रावर चालतात. करारातील कार्पेटला ठरावीक गुणक लावून बांधीव क्षेत्र काढले जाते. करारात चुकून बांधीव क्षेत्र ‘कार्पेट’ म्हणून लिहिले गेले, तर त्यावर पुन्हा गुणक लागून सरकारी मूल्य फुगते, आणि शुल्क करारमूल्य व सरकारी मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर भरावे लागते. सरकारी मूल्य खरेदी किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक असेल, तर त्या फरकावर खरेदीदाराला प्राप्तिकरही लागू शकतो. दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्यापूर्वी मसुद्यातील हा एक शब्द वकिलाकडून तपासून घ्या.

इमारत ३०-४० वर्षांची असेल, तर आणखी एक कारण जोडले जाते. पुनर्विकासात सभासदाला मिळणारी नवी जागा सहसा सध्याच्या कार्पेटवर अमुक टक्के अधिक अशी ठरते, आणि ते सध्याचे कार्पेट मूळ मंजूर नकाशावरून मोजले जाते. त्यामुळे जुन्या इमारतीतील सदनिका घेताना मंजूर नकाशातला प्रत्येक चौरस मीटर ही भविष्यातली मिळकत असते, आणि बंद केलेल्या बाल्कनीची किंमत तिथे सहसा शून्य होते. सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे हस्तांतरण, झाले आहे का, हेही याच वेळी विचारावे. ते झालेले नसेल तर पुनर्विकासाची आशा किमतीत धरू नये.

६. टोकन आणि करार

रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनाम्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. माझा सल्ला असा की तेवढीही देऊ नये. आरक्षणाच्या पावतीवरच कार्पेट, बाल्कनी आणि गच्ची यांची क्षेत्रे चौरस मीटरमध्ये वेगवेगळी लिहून घ्यावीत आणि मगच लहान रक्कम द्यावी. पार्किंगची लांबी, रुंदी आणि जागा यांचीही नोंद करारात असावी. पावतीवर क्षेत्र लिहायला नकार मिळाला, तर तो व्यवहार मी सोडून देतो.

७. ताबा घेताना मोजणी करा

ताब्याच्या दिवशी घाई असते. चावी, मिठाई, फोटो यांत मोजणी राहून जाते, आणि एकदा फर्निचर लागले की ती नीट होत नाही. सही करण्यापूर्वी दोन तास मागून घ्या. प्रत्येक खोली तयार भिंतीपासून तयार भिंतीपर्यंत दोन ठिकाणी मोजा, आतल्या भिंतींची जाडी आणि लांबी वेगळी लिहा, दरवाज्यांच्या चौकटीखालची जागा विसरू नका, आणि बेरीज करारातील परिशिष्टाशी ताडा. स्वतःला जमत नसेल तर वास्तुविशारदाकडून मोजून घ्यावे. त्याचे शुल्क एकूण व्यवहाराच्या मानाने नगण्य असते.

आदर्श करारनाम्यात कार्पेट क्षेत्रातील फरकाची मर्यादा ३ टक्के दिलेली आहे. हा फरक फुकट नसतो. क्षेत्र कमी भरले तर त्या प्रमाणात घेतलेली जादा रक्कम विकासकाने ४५ दिवसांत व्याजासह परत करायची असते, आणि जास्त भरले तर त्याच दराने तो पुढच्या हप्त्यात मागू शकतो. ६४० फुटांचे ३ टक्के म्हणजे सुमारे १९ फूट, आणि ९,१०० रुपये दराने ते जवळपास पावणेदोन लाख रुपये होतात. कमी भरल्यास मोजणीचा तक्ता जोडून विकासकाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, त्याची प्रत आणि पोहोच जपून ठेवा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर महारेराकडे तक्रार दाखल करताना याच तारखा व हाच तक्ता जोडा.